मधल्या खोलीची चिठ्ठी

वाचकाचं पत्र :

‘माझं वय एकोणचाळीस. कॉलेजात असताना कविता लिहायचे, दोन कथाही छापून आल्या होत्या. मग नोकरी, घर, आणि बघता बघता पंधरा वर्षं गेली. आता वेळ आहे, वही आहे, पण सुचत नाही. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की “पोकळी”, “सावली”, “आठवणींचा गंध” असलेच शब्द येतात आणि मी वही मिटते. पुराणकथांत लिहिण्यासारखं खूप सापडतं असं सगळे म्हणतात, म्हणून ऊर्मिलेचं स्वगत लिहायला घेतलं. चाळीस पानं झाली, पण वाचताना माझाच जीव रमत नाही. एक मैत्रीण म्हणते, छंदात हात बसव. दुसरी म्हणते, ते आता जुनं झालं, मुक्तच लिही. आठ दिवस कुठेतरी शांत जागी जाऊन राहावं का? लेखकांना हे सगळं मिळतं तरी कुठून? की माझ्यातच ते नाही?

ता. क. हे लिहिताना लाइट गेली होती. विजेच्या पेटीत प्रत्येक खटक्याखाली बाबांनी बॉलपेननं लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत. त्यातली एक “मधली खोली”. सहा वर्षांपूर्वी ती भिंत पाडून आम्ही मोठा हॉल केला, त्यामुळे तो खटका आता कशाचाच नाही. तरी कधी कधी मी तो उगाच खाली-वर करते.’

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरून खाली, दुसऱ्यांदा ताज्या कलमापासून वर. मुख्य पत्रात तुम्ही मला विचारलंय की लेखकांना हे कुठून मिळतं. ताज्या कलमात, विचारणं संपल्यावर, हात सैल सुटल्यावर, तुम्ही ते मला दाखवलंय. ‘तो खटका आता कशाचाच नाही’ हे वाक्य लिहिताना आपल्याला सुचतंय की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडलाही नसेल.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. आहे, तुमच्यात ते आहे. बाकीचं पत्र त्यापुढच्या गोष्टीबद्दल.

स्फूर्ती म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. नदीकाठ, बाण लागून कोसळलेला क्रौंच, आणि आदिकवीच्या तोंडून आपोआप बाहेर पडलेला श्लोक. चित्र खरंच आहे, पण अर्धं आहे. बालकांड उघडून पाहा. क्रौंचाचा प्रसंग दुसऱ्या सर्गात येतो. त्याआधी, पहिल्या सर्गात, नारद वाल्मीकींना रामाची सगळी कथा सांगून गेलेले आहेत. म्हणजे ऋषी नदीवर निघाले तेव्हा कथा त्यांच्याजवळ होतीच. तिला धरणारा आवाज तेवढा नव्हता.

तमसेच्या काठी ते येतात, पाणी किती नितळ आहे, सज्जनाच्या मनासारखं, असं भरद्वाजाला सांगतात. कलश खाली ठेव, वल्कल दे, म्हणतात. अगदी रोजची स्नानाची तयारी. मग बाण येतो, मादीचा आक्रोश होतो, शापाचे शब्द निघतात. आणि त्यानंतर जे घडतं ते आपण गोष्ट सांगताना बहुतेक वेळा गाळतो. वाल्मीकी स्वतःच चमकतात, हे मी काय बोलून गेलो म्हणून. आणि पाठोपाठ शिष्याला सांगतात की हे चरणांत बांधलेलं आहे, अक्षरं सारखी आहेत, वीणेच्या लयीवर बसेल असं आहे. शोक अजून ओला आहे आणि हा माणूस अक्षरं मोजतोय! मला हा क्षण शापाच्या क्षणाहून मोठा वाटतो. आश्रमात परतल्यावरही ती ओळ त्यांना सोडत नाही. साक्षात ब्रह्मदेव येऊन समोर बसतात, तरी मन त्या शब्दांतच गुंतलेलं. दुःख झालेले पुष्कळ असतात. आपल्या दुःखाला आलेला घाट लगेच ऐकू यावा, इतका कान तयार असलेले थोडे.

म्हणून स्फूर्ती कुठून आली असं विचारलं तर मी क्रौंचाकडे बोट दाखवणार नाही. आधी ऐकून ठेवलेली कथा होती, लयीला सरावलेला कान होता, आणि त्या दोन्हींच्या वाटेत काहीतरी आडवं आलं. चालता चालता पाय अडला. मला या ‘अडण्या’बद्दलच तुमच्याशी बोलायचंय. माझ्या वाचनात आणि लिहिण्यात मला एवढं एकच पक्कं कळलंय की, लिहिण्याजोगं जे काही असतं ते सुरळीत चाललेल्या जागी सापडत नाही, काहीतरी अडतं तिथं सापडतं. तुमच्या हाताला तो खटका अडला. सगळे खटके कशाचे तरी आहेत, हा एकच कशाचाच नाही.

‘पोकळी’ या शब्दाला मात्र काहीच अडत नाही. तो कुठल्याही घरात, कुठल्याही माणसाच्या जाण्यावर तसाच बसतो, आणि म्हणूनच तो लिहिला की तुमची वही मिटते. तुमची वही बरोबर वागतेय, तिच्यावर विश्वास ठेवा. ग्रीक पुराणकथांत काव्य-कलांच्या नऊ देवता आहेत, म्यूझ म्हणतात त्यांना, आणि त्या नवांची आई आहे निमोसिनी, म्हणजे स्मृती. किती नेमकं ओळखलं होतं त्या लोकांनी! पण स्मृती म्हणजे गंध आणि सावल्या नव्हेत. तुमच्या घरातली स्मृती बॉलपेननं लिहिलेली आहे, तिला चिकटपट्टी लावलेली आहे आणि पेटीचं झाकण उघडल्याशिवाय ती दिसत नाही.

आता छंदाचं. मैत्रिणींचा वाद जुनं-नवं असा चाललाय, आणि त्यात तुमचा फायदा काही नाही. मी तुम्हाला महिनाभर छंदात लिहा असं सांगणार आहे, आणि कारण वेगळं आहे. छंद तुम्हाला अडवतो. तुम्ही घाईनं पहिला शब्द टाकायला जाता आणि तो म्हणतो, हा बसत नाही, दुसरा आण. तो दुसरा शोधायला गेलं की काय होतं, हे नुसतं सांगून पटायचं नाही. करूनच दाखवते.

अभंगाचा घाट घेऊ, कारण त्याची मोजणी सोपी. चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. तुमचं पत्र वाचलं त्या रात्री मी तुमचाच खटका घेऊन बसले. पहिला चौक असा झाला :

भिंत पाडलेली
खोली आता नाही
चिठ्ठी मात्र राही
खटक्याशी

हा सरळ उतरला. तुम्ही पत्रात जे सांगितलं तेच, फक्त मोजून. यात नवं काही नाही, आणि मला ते लिहिताना काही झालंही नाही. दुसऱ्या चौकाला मी लिहायला घेतलं ‘दाबते मी खटका’. मोजलं तर सात. एक अक्षर जास्त. ‘बटण’ घालून पाहिलं, तरी सातच. दोन अक्षरांचा शब्द हवा होता. बराच वेळ गेला आणि मग आला :

दाबते मी कळ
उजेड ना कुठे
तरी बोट उठे
रोज तेथे

‘कळ’. दिव्याची कळही तीच आणि जिवाला येते ती कळही तीच. कळ दाबणं म्हणजे खटका खाली करणं, आणि कळ दाबून ठेवणं म्हणजे दुखतंय ते न दाखवणं. दोन वर्षं तुम्ही जे करताय ते या दोन अक्षरांत होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. हा शब्द माझ्या हुशारीनं आला नाही. सातवं अक्षर बसत नव्हतं म्हणून आला. यमकानंही असंच काहीतरी केलं. ‘कुठे’ला जुळणारं शोधताना ‘उठे’ आलं, आणि उठणार काय, तर बोट. माझ्या मनात तिसऱ्या चरणात अंधार होता. यमकानं अंधार बाजूला सारून तिथे तुमचं बोट आणून ठेवलं.

या आठ ओळी काही थोर नाहीत. ‘राही’, ‘उठे’ ही क्रियापदं जुन्या वळणाची आहेत, तुमच्या बोलण्यात ती बसणार नाहीत. पण ‘कळ’ तुमची आहे, ती घेऊन जा. पुढे मुक्त लिहिलंत तरी चालेल. मुक्त लिहिणारा चांगला कवीही स्वतःला अडवत असतो, फक्त अडवायच्या जागा त्याला दर कवितेत नव्यानं ठरवाव्या लागतात. हात पुन्हा बसवायचा असताना ते जास्त कठीण. म्हणून आधी मोजून लिहा. रोज एक चौक, चांगला-वाईट न बघता. आणि ज्या चरणात अक्षर जास्त होतंय तिथे चिडू नका. नीट बघायची जागा तीच.

ऊर्मिलेकडे येते. तुमच्या पत्रासोबतचं स्वगताचं पहिलं पान मी वाचलं. भाषा चांगली आहे. पण पहिल्याच परिच्छेदात तुमचा निकाल लागलेला आहे : तिच्यावर अन्याय झाला, तिला कुणी विचारलं नाही. हे खरंच आहे आणि सगळ्यांना मान्य आहे. त्यामुळे पुढच्या चाळीस पानांत तुम्हाला शोधायला काही उरलं नाही. तुम्ही कथेत शिरलात त्या आधीच तुमच्याजवळ उत्तर होतं, आणि जीव रमत नाही तो त्यामुळे.

याच ऊर्मिलेबद्दल तेलुगू स्त्रियांच्या गाण्यांतून एक कथा चालत आलेली आहे. वाल्मीकींच्या कथेत लग्नानंतर ऊर्मिला जवळजवळ दिसतच नाही, ती जागा मोकळी आहे. त्या बायकांनी तिथे अश्रू भरले नाहीत. त्यांनी एक हिशेबाचा प्रश्न विचारला. लोकपरंपरा सांगते की, राम-सीतेच्या राखणीसाठी लक्ष्मण चौदा वर्षं झोपला नाही. बरं, मग त्याची झोप गेली कुठे? झोप काही हवेत विरत नाही, ती कुणीतरी घ्यायला हवी. आणि मग उत्तर येतं : ऊर्मिलेनं घेतली. नवऱ्याच्या वाटची झोप ती झोपली, चौदा वर्षं. घरात काटकसरीनं सगळ्याचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांनाच हा प्रश्न पडू शकतो! आणि त्या एका प्रश्नातून ऊर्मिलेचं प्रेम, तिचं एकटेपण, तिचं वाया गेलेलं तरुणपण, सगळं आपोआप उभं राहतं. अन्याय हा शब्द कुठेच उच्चारावा लागत नाही.

कालिदासाचं उदाहरण तुम्हाला शाळेपासून माहीत असेल, पण या बाजूनं कदाचित पाहिलं नसेल. महाभारताच्या आदिपर्वातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तिथला दुष्यंत तिला ओळखतो आणि भर दरबारात नाकारतो, लोक काय म्हणतील या धाकानं. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो. ही कथा घेऊन कालिदास नाटक लिहायला बसला आणि अडला. जाणूनबुजून बायको-मुलाला नाकारणारा माणूस नायक म्हणून प्रेक्षकांना कसा चालावा? त्याला विसर पडला असं दाखवायचं तर विसर पडायला कारण हवं, म्हणून शाप आला. शाप उतरायचा तर खूण हवी, म्हणून अंगठी आली. ती वेळेवर हाताशी असता कामा नये, म्हणून पाण्यात पडली. आणि पाण्यातून परत यायची तर मासा हवा, मासा सापडणारा कोळी हवा, कोळ्याला चोर समजून धरणारे शिपाई हवेत. सहाव्या अंकाच्या सुरुवातीचा तो जिवंत प्रवेश या सगळ्याच्या टोकाला आहे. एका अडचणीतून एवढं फुटत गेलं. कथा जशीच्या तशी चालून गेली असती तर कोळी रंगमंचावर आलाच नसता.

आणखी एक, थोडक्यात. नाटककार भासाच्या ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाजवळ त्याचा लहान मुलगा दुर्जय येतो आणि सवयीनं बापाच्या मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला थांबवावं लागतं. भर सभेत द्रौपदीला जी मांडी दाखवली, तीच ही. भासानं दुर्योधनाची बाजू मांडणारं भाषण लिहिलं असतं तर आपण ऐकून सोडून दिलं असतं. त्यानं फक्त विचारलं की, मांडी मोडली तर रोज मांडीवर कोण बसत होतं?

पुराणकथा इतक्या पिढ्यांना पुरून उरतात त्याचं कारण मला हे दिसतं. त्या घाईनं पुढे जातात, आणि जाताना अशी दारं उघडी टाकतात. तेव्हा ती चाळीस पानं सध्या कपाटात ठेवा, फाडू नका. ऊर्मिलेबद्दल एकच प्रश्न शोधा, हातात धरता येईल असा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. मला विचाराल तर माझा प्रश्न असा असेल : चौदा वर्षं न झोपलेला माणूस परत आल्यावर पहिल्या रात्री अंथरुणावर पडतो, तेव्हा शेजारी चौदा वर्षं झोपून उठलेली बाई असते. त्या दोघांतलं त्या रात्री कोण जागं राहतं? पण हा माझा झाला. तुमचा वेगळा असेल आणि तो तुमच्याच आयुष्यातून येईल. तुम्ही ऊर्मिलाच का निवडलीत, हेही मग कदाचित कळेल.

दुसऱ्यांच्या कथेवर लिहिणं म्हणजे उसनवारी, असं वाटत असेल तर ते मनातून काढा. मेरी शेलीची गोष्ट सांगते. 1815 साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, सारखा पाऊस. 1816 च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी काही मंडळी घरात अडकून पडली होती, आणि प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची असं त्यांच्यातल्या कवी बायरननं ठरवलं. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. तिला काही सुचेना. रोज सकाळी विचारायचे, सुचली का गोष्ट? आणि रोज तिला नाही म्हणावं लागायचं. ही लाजिरवाणी अवस्था तिनंच 1831 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलीय. मग एका रात्री जिवाचं मूळ कशात असतं, मेलेल्यात पुन्हा प्राण आणता येईल का, अशा गप्पा चालल्या होत्या. ती बाजूला बसून ऐकत होती. त्या रात्री झोप येईना, आणि मिटल्या डोळ्यांपुढे तिला आपण घडवलेल्या देहाशेजारी गुडघे टेकलेला, फिक्कट पडलेला तरुण दिसला.

1818 मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ छापून आलं तेव्हा त्याच्या नावाला जोड होती ‘आधुनिक प्रॉमिथियस’ अशी. मातीतून माणूस घडवणारा, देवांकडचा अग्नी चोरणारा प्रॉमिथियस. म्हणजे अत्यंत नवी वाटणारी ती कादंबरी एका फार जुन्या कथेचा हात धरूनच उभी होती. आणि तिनं त्याच प्रस्तावनेत म्हटलंय की, नवनिर्मिती शून्यातून होत नसते, आधी साहित्य हाताशी लागतं. तुमच्या ‘सुचत नाही’च्या सकाळींना मी मेरीच्या सकाळींच्या शेजारी ठेवते. त्या वाया गेल्या नव्हत्या. ‘नाही’ म्हणताना ती ऐकत होती.

हेच आपल्याकडे अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटानं नेमकं मांडलंय. काव्य कशातून जन्मतं? शक्ती, म्हणजे जन्मजात देणगी. निपुणता, म्हणजे जग, शास्त्रं आणि काव्यं डोळसपणे पाहून आलेली जाण. आणि अभ्यास, जाणत्यांच्या हाताखाली केलेला. तीन गोष्टी सांगून तो शब्द वापरतो ‘हेतू’, तोही एकवचनात. तीन वेगवेगळी कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एक कारण. तुम्ही पंधरा वर्षं लिहिलं नाहीत, पण नोकरी केलीत, घर चालवलंत, एक माणूस शेवटापर्यंत सांभाळलात. त्यातली निपुणता जमा झालेली आहे. थांबला तो अभ्यास, आणि तो पुन्हा सुरू करता येतो.

कसा, याबद्दल राजशेखराकडे फार उपयोगी गोष्ट आहे. इसवी सन 900 च्या आसपासचा हा कवी. ‘काव्यमीमांसे’त त्यानं कवीची दिनचर्याच लिहून दिलीय. दिवसाचे चार प्रहर. पहिल्यात वाचन-अभ्यास, दुसऱ्यात लेखन, तिसऱ्यात जाणत्या लोकांशी काव्याची चर्चा, आणि चौथ्यात सकाळी लिहिलेलं तपासणं. कारणही देतो : रसाच्या आवेशात लिहिताना पारखणारी नजर जागी नसते, म्हणून नंतर बघावं. नोकरी करणाऱ्या माणसाला चार प्रहर कुठून मिळणार? पण दुसरा आणि चौथा एवढे दोन वेगळे ठेवा, वीस-वीस मिनिटांचे का असेनात. तुम्ही सध्या ते एकत्र करताय. शब्द लिहिताक्षणीच त्याची पारख करताय आणि वही मिटताय. सकाळी ‘पोकळी’ आली तर येऊ द्या, लिहा, पुढे चला. संध्याकाळी ती खोडायला दुसरी नजर येईल, आणि तिला त्याच पानावर कुठेतरी बॉलपेनची चिठ्ठीही सापडेल.

शांत जागी जाण्याबद्दल फार लिहीत नाही. थकला असाल तर जरूर जा, विश्रांती घ्या. पण शोधायला म्हणून जाऊ नका. मी एकदा तशी गेले होते, आठ दिवस. जे काही लिहून झालं ते सगळं मागे ठेवून आलेल्या घराबद्दल होतं, आणि तपशील आठवेना म्हणून तेही अर्धवट राहिलं. तुमचं लिहिणं ज्या पेटीत आहे ती पेटी तुमच्या घरात आहे.

वही मात्र एक वेगळी करा, आणि तिच्यात विचार लिहू नका, भावनाही नाही. जिथे काही अडलं, जुळलं नाही, विचित्र वाटलं, ते एका ओळीत, जसं दिसलं तसं. कुणी बोलता बोलता मध्येच शब्द बदलला, तो कुठला. कुठली वस्तू आता कुणाचीच नाही तरी जागेवर आहे. एखादी गोष्ट ऐकताना ‘मग त्याचं पुढे काय झालं’ असं कुठे वाटलं. महिन्याभरानं त्या ओळी वाचा आणि ज्या ओळीपाशी पुन्हा थांबाल तिच्यावर लिहा.

पहिली ओळ तुमच्याजवळ आहेच. तिच्याबद्दल मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मधल्या खोलीत काय होतं, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही. तिथे कोण झोपायचं, खिडकी कुठल्या बाजूला होती, आतला दिवा बल्बचा होता की ट्यूबचा, काहीच नाही. आणि दुसरं : भिंत सहा वर्षांपूर्वी पाडली म्हणता, बाबा गेले दोन वर्षांपूर्वी. म्हणजे मधली चार वर्षं ते त्याच घरात होते. प्रत्येक खटक्याखाली स्वतःच्या हातानं नाव लिहून चिकटवणारा नीटनेटका माणूस. खोली गेल्यावर ती पेटी त्यांनी किती वेळा उघडली असेल. मग ती चिठ्ठी त्यांनी का काढली नाही?

तुमची,
सदरलेखिका